चारी कोपरे शाबूत

बोरीच्या स्टँडवर जीप सुरू करून ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि आक्का दारातून बाजूला व्हायला तयार नव्हती. एका हातात ज्वारीच्या पिठाचं गाठोडं, दुसरा हात जीपच्या दांडीवर. आक्का माझी थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, लेकराला घेऊन ती माहेरी आली आणि इथलीच झाली. पुढे माझी बायको गेली, तेव्हा माझी रांगती पोर सुजाता तिच्याच मांडीवर वाढली. ती सुजाता परभणीला शेतीचं शिक्षण घेऊन आता इटलीत बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला होती, आणि त्या दिवशी मला घेऊन जायला आली होती.

आक्का माझ्याशी बोललीच नाही. ती सुजाताला म्हणाली, "नेतीस व्हय माझ्या भावाला? ने बाई, ने. शिकवून शाणी केली ती ह्याच्यासाठीच."

जमलेल्यांपैकी कुणीतरी हसत म्हणालं, "आक्का, आता पोरीचं राज्य हाय. मास्तरला कोण इचारतंय?"

सुजातानं माझ्याकडे पाहिलं. मी एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. मी बॅगेची चेन नीट लागली आहे का ते पाहायला लागलो. चेन नीटच लागलेली होती.

जीप निघाली. आक्काचा हात दांडीवरून सुटला तो मला दिसला नाही, कारण मी अजून चेनकडेच पाहत होतो.

गावात आजही असंच म्हणतात की पोरीनं म्हाताऱ्याला ओढून नेलं, मास्तर बिचारा जायला तयार नव्हता. हे खोटं आहे, आणि ते मी पसरवलेलं आहे. मीच सुजाताच्या मागे लागलो होतो. ती नको म्हणत होती. फोनवर मला समजावत होती, "पप्पा, तुम्हाला इथं करमणार नाही. आणि आत्या एकटी पडेल, तिचा विचार केलात का?" मी म्हणायचो, आत्याला विलास आहे. विलास म्हणजे आक्काचा मुलगा, शेती बघतो, चांगला आहे. पण आक्काचं माणूस मी होतो, हे मलाही ठाऊक होतं.

मला का जायचं होतं? पोरीजवळ राहायचं होतं, हे खरं. पिंगळीच्या शाळेत फळ्यावर जगाचा नकाशा लावून आयुष्यभर पोरांना बोटानं देश दाखवले, एकदा त्या बोटाखालचा देश बघावा असंही वाटायचं. पण त्याच्याही खाली आणखी एक कारण होतं आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आक्काला ऐकू येईनासं झालं होतं. प्रत्येक वाक्य तीनदा सांगावं लागे, तिसऱ्यांदा ओरडून. भाजीत मीठ कमी आहे हे सांगितलं तरी गल्लीला कळायचं. हळूहळू मी बोलणंच कमी केलं. एकदा संध्याकाळी लक्षात आलं की दिवसभरात मी तिच्याशी एक शब्द बोललेलो नाही, आणि तिनं मात्र नेहमीसारखी माझ्या ताटात वरची, फुगलेली भाकरी वाढली आहे. मला त्या ताटासमोरून उठून जावंसं वाटलं. ज्या बाईनं सगळं आयुष्य आमच्या चुलीपुढं घातलं, तिला "मला तुझ्याजवळ राहायचा कंटाळा आलाय" असं कसं सांगणार? म्हणून मी सांगितलं, "पोरगी ऐकत न्हाई आक्का, काय करू?"

पहिल्यांदा म्हणालो तेव्हाच ते ओरडून म्हणालो. तिला नीट ऐकू जावं म्हणून.

इटलीत आम्ही राहतो तो भाग सपाट आहे. डोंगर नाही, समुद्र नाही. चित्रातली इटली बघायला मिळेल म्हणून आलो आणि उतरलो ते जिंतूर रस्त्यासारख्या मोकळ्या रानात. आपल्याकडे म्हणतात ना, जगात जर्मनी आणि देशात परभणी, विलास मला फोनवर चिडवायचा, "मामा, जर्मनी हुकली की तुमची, अलीकडंच उतरलाव." माती मात्र आपली नाही. आपल्या काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यात पोराचा पाय जाईल एवढ्या. इथली माती सभ्य आहे, फार तोंड उघडत नाही. एकदा कालव्याच्या कडेनं फिरताना एका शेताशी थांबलो. बुटकी ताटं, तांबूस कणसं, पण पान हातात धरलं आणि कळलं, ही ज्वारी आहे. सोर्गो म्हणतात तिला इथं. जनावरांना घालतात. हुरडा, गुळाचा खडा, शेंगदाण्याची चटणी आणि शेकोटीभोवती बसून मूठभर दाणे चोळणारी आक्का, सगळं त्या जनावरांच्या चाऱ्यात उभं होतं. सुजातानं मग कुठल्याशा दुकानातून त्याचं पीठ शोधून आणलं. भाकरी थापताना तुटली. आम्ही तुकडे खाल्ले आणि दोघांपैकी कुणीच आक्काचं नाव काढलं नाही.

आणि बहिरेपणाचं म्हणाल तर तो माझ्याकडे चालत आला. इथं सगळ्यांची तोंडं हलतात आणि मला काही कळत नाही. मी हसतो आणि मान डोलावतो, अगदी आक्का करायची तशी. मग ते तेच वाक्य पुन्हा, मोठ्यानं म्हणतात. तिसऱ्यांदा म्हणताना त्यांच्या कपाळावर जी आठी येते, ती मी ओळखतो. ती माझीच आहे.

सुजाता मधे एकदा बोरीला जाऊन आली, विलासच्या मुलीच्या लग्नाला. परत आल्यावर म्हणाली, "आत्या मजेत आहे." एवढंच. पण विलासनं गंमत म्हणून फोनवर सांगितलं. पंगत बसली होती. आक्का सगळ्यांना आग्रह करत फिरत होती. सुजाताच्या पानाशी आली आणि पुढं निघून गेली, मागे वळून सुनेला म्हणाली, "त्या पाहुणीला वाढ गं."

पाहुणी. जिला स्वतःच्या हातानं न्हाऊ घातलं, जिच्या पहिलीच्या पुस्तकावरून ती स्वतः अक्षरं शिकली, तिला.

हो, आक्काला वाचता येतं. सुजाता पहिलीत असताना संध्याकाळी मी तिचा अभ्यास घ्यायचो, तेव्हा भाकरी थापता थापता आक्का तिकडून अक्षरं ओळखायची. अजूनही बोट ठेवून, ओठ हलवून वाचते, पण एक अक्षर सोडत नाही. म्हणून मी ठरवलं की तिला सगळं लिहायचं. फोनवर सांगता आलं नसतं. विलासनं ते तिच्या कानाशी ओरडून सांगितलं असतं, आणि अशी गोष्ट कानात ओरडायची नसते. ओरडून सांगितलेल्या एका खोट्यानंच हे सगळं झालेलं आहे.

सुजाताकडे हा विषय मी एकदा काढला होता. ती सिंकपाशी भांडी धूत होती. पाठमोरीच म्हणाली, "राहू द्या पप्पा. आत्याला माझ्यावर रागावता येतं. तुमच्यावर रागावली तर तिच्याकडं कोण राहील?" त्या दिवशी एवढं कळलं की हे पत्र तिच्या हातून जाणार नाही. माझी पत्रं तीच टाकायची, कामावरून येताना तिकिटं तीच आणायची. जाड पाकीट बघून तिनं विचारलंच असतं. म्हणजे तिकीट मला स्वतःला घ्यावं लागणार होतं. पोस्टात जाऊन. त्यांच्या भाषेत.

परदेशी माणसांना भाषा शिकवायचा एक वर्ग गावातल्या वाचनालयात भरतो. मी नाव घातलं. जन्मभर टेबलाच्या पलीकडं बसलेला माणूस अलीकडच्या बाकावर बसला. शेजारी बलबीर नावाचे एक सरदारजी, म्हशी-गाईंच्या गोठ्यावर काम करून म्हातारे झालेले. बाई माझ्याच वयाच्या, त्याही निवृत्त शिक्षिका. खडू धरायची त्यांची पद्धत बघून मला बरं वाटलं. एक दिवस त्यांनी पोस्टाचा पाठ घेतला. एकानं कारकून व्हायचं, एकानं गिऱ्हाईक. मी वाक्य देवनागरीत लिहून घेतलं होतं: वोर्रेइ उन फ्रांकोबोल्लो पेर लिंदिया, पेर फावोरे. मला भारतासाठी एक तिकीट हवं आहे, कृपा करून. क्वांतो कोस्ता, केवढ्याला?

बलबीर कारकून झाले आणि दोन्ही हात टेबलावर पसरून हिंदीत म्हणाले, "मास्टरजी, लंच टाईम है. कल आना."

सगळा वर्ग हसला; बाईंना अर्थ सांगितल्यावर त्याही हसल्या. मलाही हसू आलं आणि त्याबरोबर जिंतूरच्या पोस्टाची खिडकी, तिथली डिंकाची बाटली, तिला चिकटलेला दोरा असं सगळं आठवलं. बाईंनी विचारलं, कुणाला पत्र लिहिणार? बहीण म्हणजे सोरेल्ला, हे मला येत होतं. तेवढंच सांगितलं.

वाक्य पाठ झालं. चालताना, अंघोळीला, गवारीच्या शेंगा मोडताना मी ते म्हणायचो. सुजाताला वाटलं, पप्पा रमले.

पोस्टात पहिल्यांदा गेलो तेव्हा मी आपल्या सवयीनं खिडकीसमोर, पुढच्या माणसाच्या पाठीला जवळजवळ चिकटून उभा राहिलो. माणसं माझ्याकडे बघायला लागली. एक जण म्हणाला, "इल नूमेरो!" दारात एक यंत्र होतं, त्यातून नंबराची चिठ्ठी घेऊन खुर्चीवर बसायचं असतं. हे पाठात नव्हतं. मी कुणाला तरी शोधत आल्यासारखं इकडेतिकडे पाहिलं आणि घरी आलो.

दुसऱ्यांदा आधी सराव म्हणून एक साधं कार्ड टाकायचं ठरवलं. देवळाच्या घंटाघराचं चित्र असलेलं कार्ड घेतलं. मागे लिहिलं, "आक्का, मी खुशाल आहे. सुजूही बरी आहे. बाकी सविस्तर मागाहून लिहितो." चिठ्ठी घेतली, बसलो, नंबर लागला. काचेपलीकडच्या बाईला माझं वाक्य न अडखळता म्हणालो. तिला ते समजलं. कुणाला सांगून पटणार नाही, पण नोकरीचा पहिला हुकूम हातात पडला तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता. त्या आनंदातच मी तिकीट चिकटवलं. डिंक शोधत होतो, तर ते आपोआप चिकटणारं निघालं, आणि मी ते भलत्याच कोपऱ्यात लावलं. बाईनं बोटानं उजवीकडे खूण केली. मी तिकीट नखानं काढायला गेलो. तिकीट आलं, पण कार्डाचा कोपरा घेऊन आलं. मी ओशाळून तिच्याकडे पाहिलं. ती खांदे उडवून म्हणाली, "नॉन फा न्येन्ते." काही होत नाही. दुसरं तिकीट घेऊन मी ते योग्य कोपऱ्यात लावलं, कार्ड तिच्या हातात दिलं आणि गाणं म्हणत घरी आलो.

आमच्या बाजूच्या जुन्या माणसांनी एव्हाना कपाळावर हात मारला असेल. नव्यांसाठी सांगतो. आपल्याकडे मयताची बातमी कळवणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडायची रीत होती. हातात घेताच कळावं म्हणून. असं कार्ड उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही. कुणीतरी बाहेर उभं राहून वाचायचं आणि तिथंच फाडून टाकायचं. बोरीत पत्रं लिहून देणारा मास्तर मीच होतो. गावातली अशी कितीतरी कार्डं मी लिहिली आणि त्यांचे कोपरे माझ्याच हातानं फाडले. आमच्या बापाच्या मयताची कार्डंसुद्धा. आणि तोच मी, कोपरा फाटलेलं कार्ड स्वतःच्या बहिणीला धाडून गाणं म्हणत घरी आलो. इतका मी इथला झालो होतो, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

विलासचा फोन आला तेव्हा सुजाता घरीच होती, रविवार असावा नाहीतर सुट्टी.

"मामा? मामा, तुमीच बोलायलाव का?"

"मग दुसरं कोण बोलणार? काय झालं रे?"

"आवाज तर तुमचाच हाय," तो बाजूच्या कुणाला तरी म्हणाला. मग मला, "मामा, कार्ड आलंय तुमचं. कोपरा फाटलेलं."

पुढचं सगळं विलासनंच सांगितलं.

पोस्टमन नवा पोरगा, त्याला काय ठाऊक. त्यानं कार्ड आक्काच्या हातात दिलं. तिच्या बोटाला कोपरा लागला. तिनं ते वाचलं नाही. असं कार्ड घरची बाई वाचत नसते. उंबऱ्याबाहेर टाकलं आणि भिंतीला टेकून बसली. तिचा हंबरडा ऐकून गल्ली जमली. कुणी चुलीवरची भाजी उतरवली. विलास रानात होता, त्याला बोलावणं गेलं. तो येईपर्यंत कार्ड तसंच मातीत पडलेलं, कुणी हात लावला नाही. त्यानं उचललं, वाचलं, पुन्हा वाचलं.

"मंग म्या म्हणलं, अगं खुशाल हाय म्हणून लिव्हलंय. तर कुणाला पटंना. म्हणत्यात, खुशाल हाय तर कोपरा कशाला फाडील? मास्तर हाय त्यो." त्याला हसू आवरत नव्हतं आणि तो रडतही होता. "आता चाळीस माणसाला चहा ठिवलाय बघा. तुमच्या नावानं."

तेवढ्यात आक्कानं फोन हिसकावला. ऐकू येत नाही म्हणून तिनं फोन घेणं कधीच सोडून दिलं होतं.

"पल्या! मुडद्या! जित्ता हायस व्हय?"

मी "हाय आक्का, हाय" म्हणत होतो, पण तिला त्याचं काय. ती बोलतच सुटली. "सुजी कुठंय? तिला दे. सुजे, आगं म्या निघालते की तुझ्याकडं. इलासला म्हणलं, माझी पोर एकली हाय तिकडं परक्या मुलखात, मला त्या इमानात बसव. लुगडं बी घेतलं पिशवीत. ऐकायलीस का? रडू नगंस. झालं गेलं. माझ्या भावाला नेलंस, पर संभाळलंस बाई. माफ केलं म्या तुला."

सुजाता फोन दोन्ही हातांनी धरून नुसती "हो आत्या, हो आत्या" म्हणत होती. मी स्वयंपाकघराच्या नळाकडे बघत होतो. थेंब गळत नव्हता. नळ नीटच बंद होता.

सगळं मिटलं, असं कुणीही म्हणेल. सुजाताही म्हणाली, "बघा, तुमच्या एका फाटक्या कार्डानं काम केलं." येत्या हिवाळ्यात ती बोरीला जाणार आहे. आक्का तिला पहिली भाकरी वाढेल, जवळ बसवून जेवू घालेल. पण ती वाढेल माफ केलेल्या पोरीला. जो गुन्हा सुजातानं केलाच नाही त्याची माफी ती पदरात घेऊन येईल, आणि जन्मभर त्या माफीला जागत राहील. माझ्या खोट्याचं आयुष्य आणखी वाढलं, एवढंच.

म्हणून आक्का, आता तुझ्याशीच बोलतो.

पोरगी मला घेऊन आली नाही. मी आलो. ती नको म्हणाली होती, तुझ्यासाठी नको म्हणाली होती. तुझ्या कानांना मी कंटाळलो होतो. आता इथं माझेच कान गेलेत आणि मला कळलं की ज्याला ऐकू येत नाही त्याला सगळ्यात जास्त काय दिसतं. समोरच्याची तोंड चुकवायची पद्धत. तुला ती माझ्यात दिसत होती, होय ना? तरी वरची भाकरी तू मलाच वाढलीस. स्टँडवर तू सुजूला बोललीस, तेव्हा मला वाटतं तुलाही थोडं ठाऊक असावं. पण मला बोलायला तुझी जीभ वळली नाही. आता वळव. रागावायचं तर माझ्यावर रागाव. तुझ्याकडं सुजू राहील. विलासनं हे पारावर मोठ्यानं वाचलं तरी चालेल. खोटं चारचौघांत झालं होतं.

माझ्यासारखे गाव सोडून आलेले लोक विचारतात, मास्तर, आता तुमचं घर कुठलं? मी कागदपत्रांवरचा पत्ता सांगतो. पण मनात त्या काचेपलीकडच्या बाईचे उडवलेले खांदे येतात. वाईट बाई नाही ती. इथं कोपरा फाटला तर काही होत नाही, हे खरंच आहे. आणि बोरीत एका दारात तेवढ्याशा कोपऱ्यासाठी गल्लीनं चुलीवरची भाजी उतरवली आणि एक बहिरी म्हातारी लुगडं पिशवीत घालून इटलीला निघाली. मी जे सोडून आलो ते एवढं होतं.

उद्या सकाळी पोस्टात जाईन. नंबराची चिठ्ठी घेईन, बसेन, वाक्य म्हणेन. तिकीट उजवीकडेच लावेन. पाकीट मी उलटसुलट करून पाहिलंय आक्का, चारी कोपरे शाबूत आहेत. उंबऱ्याच्या आत घे, आणि बोट ठेवून सावकाश वाच.